महिनाअखेरपर्यंत अनवाणी

आमच्या घरात माझ्या एकट्याच्या मालकीची वस्तू एकच, ती म्हणजे सल्ला. बाकी सगळं एक तर सामायिक आहे नाही तर बायकोचं. टीव्हीचा रिमोट मुलीकडे, कपाटाच्या किल्ल्या बायकोकडे आणि खिडकीजवळची आरामखुर्ची वाळत घातलेल्या टॉवेलांकडे. सल्ला मात्र माझा. तो मी न मागता देतो, कारण मागितल्यावर देणं ही नुसती नोकरी झाली. नोकरीतही मी दुसरं काही करत नाही म्हणा. पाणीपुरवठा खात्याच्या मीटर-तक्रार खिडकीवर मी बसतो. लोक तक्रार घेऊन येतात आणि सल्ला घेऊन जातात. मीटर होतं तसंच फिरत राहतं.

तर त्या रविवारी माझा मेहुणा आला होता. आला होता म्हणजे काय, आमच्या समोरच्या मैदानाच्या पलीकडच्याच इमारतीत राहत असल्यामुळे तो येत नाही, असतोच. त्याने धावण्यासाठी नवे बूट घेतले होते. खोका आमच्या जेवणाच्या टेबलावर ठेवून, नर्सने नवजात बाळ आणून दाखवावं तसा एकेक बूट त्याने कागदातून बाहेर काढला. टाचेत हवा आहे, चवड्याखाली जेल आहे आणि जिभेला हवा खेळायला भोकं आहेत, असं त्याने समजावून सांगितलं. त्याचा गुडघा दुखत होता, म्हणून हे बूट. ज्याचा गुडघा दुखतो त्याने मुळात धावावंच कशाला, हा साधा प्रश्न होता, पण साधे प्रश्न मी विचारत नाही. मी त्याला सांगितलं की तुझा गुडघा बुटांमुळेच दुखतोय. माणूस अनवाणी धावण्यासाठी घडलेला प्राणी आहे. त्यातून थंडीत अनवाणी धावण्यासारखं दुसरं औषध नाही. गार जमिनीने तळव्यातल्या शिरा जाग्या होतात आणि रक्त झपाझप वर चढतं.

"कुठं वाचलंत?" बायकोने विचारलं.

"दातांच्या डॉक्टरांकडे." हे खरं होतं. तिथल्या मासिकात तसा लेख होता. पुढचं पान कुणीतरी फाडून नेलेलं होतं, पण लेखाचा एकूण रोख माझ्या ध्यानात आला होता.

मोबाइलमधून डोकं वर न काढता मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही कधी धावलाय? अनवाणी सोडा, नुसतं?"

"प्रश्न माझा नाही, तत्त्वाचा आहे."

"तेच तर. जे तुम्ही कधी केलं नाही त्याचाच सल्ला देता. मला पोहायला शिकवताना तुम्ही काठावर छत्री घेऊन उभे होतात."

आता ऊन होतं म्हणून छत्री होती. पण आमच्या घरात माझी बाजू कुणी ऐकून घेतलेली नाही. बायकोने हातातली भाजीची सुरी खाली ठेवली. ती सुरी खाली ठेवते तेव्हा जास्त जपून राहावं लागतं.

"असं करा," ती म्हणाली, "उद्यापासून धावाच. महिनाअखेरपर्यंत रोज सकाळी, अनवाणी, मैदानाला दोन फेऱ्या. एक दिवस जरी चुकला, तर या घरात पुन्हा कुणाला कसला सल्ला द्यायचा नाही. कायमचं. आणि महिनाअखेरपर्यंत तर नाहीच नाही."

"मी गॅलरीतून बघत जाईन, भाऊजी," मेहुणा म्हणाला. "चहा तर मी तिथंच घेतो."

मी "मान्य" म्हणालो. माणूस चारचौघांत एवढंच म्हणू शकतो.

दुसऱ्या दिवशी जिना उतरतानाच मला कळून चुकलं की थंडी हवेत नसते, फरशीत असते. हवेत ती फक्त फिरायला येते. प्रत्येक पायरी माझ्या तळव्याला चावत होती. खाली कानटोपी आणि दोन घोंगड्यांच्या आत कुठंतरी आमचा वॉचमन होता. मला अनवाणी, अर्ध्या चड्डीत, दात वाजवत येताना पाहून तो ताडकन उठला.

"साहेब, काय झालं? चोर?"

"नाही रे, धावायला चाललोय."

"कोणाच्या मागं?"

सल्ला द्यायला बंदी होती, पण खुलासा द्यायला नव्हती. मात्र थंडीने जबडा आखडला होता आणि खुलासा लांबलचक होता. म्हणून मी सरळ धावत सुटलो. त्या भल्या माणसाला वाटलं, साहेबांना चोर दिसलाय पण बोलवत नाहीये. तो शिट्टी फुंकत माझ्या मागे निघाला. समोरच्या गॅलरीतून मेहुण्याने जे दृश्य पाहिलं ते असं, की पुढे मी उघड्या पायांनी पळतोय आणि मागे वॉचमन माझा पाठलाग करतोय. चार खिडक्या उघडल्या. त्यातल्या एकीतून कुणीतरी "धरा, धरा" असंही ओरडलं. पहिली फेरी मी माझ्या आयुष्यातल्या सर्वोत्तम वेगाने पूर्ण केली.

मैदानाच्या आत पळण्यासाठी तांबड्या मातीची मऊ पट्टी आहे. शहाणा माणूस तिथेच धावेल, म्हणून मीही तिथेच धावत होतो. दोन-तीन दिवसांत मैदानाच्या रखवालदाराने मला अडवलं आणि एका पाटीकडे बोट दाखवलं. 'पादत्राणांशिवाय पट्टीवर येण्यास मनाई आहे.' कुणाच्या तरी पायात कधीतरी काच गेली होती आणि तेव्हापासून हा नियम होता. परवानगी हवी असेल तर प्रभाग कार्यालयात जा, असं तो म्हणाला.

आयुष्यभर मी खिडकीच्या आत बसत आलोय. बाहेरून खिडकी कशी दिसते हे मला ठाऊक नव्हतं. ती फार लहान दिसते आणि फार खाली असते. आत माझ्याच वयाचा एक कारकून बसला होता आणि त्याने माझ्याकडे अगदी मी बघतो तसंच बघितलं.

"अनवाणी धावायचं कारण?"

"प्रकृती."

"म्हणजे वैद्यकीय. आमच्याकडे परवानगी तीन कारणांसाठी मिळते. वैद्यकीय, चित्रीकरण आणि मोर्चा. मोर्चाला माणसं जास्त लागतात. चित्रीकरणाला कॅमेरा लागतो. वैद्यकीयला डॉक्टरांचा दाखला लागेल, की बूट घालणं तुमच्या प्रकृतीला अपायकारक आहे."

मी आमच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माझे दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहिले, अंगठे दाबले, घोट्यावर छोटी हातोडी मारली. "पाय अगदी उत्तम आहेत," ते म्हणाले. "आता आलाच आहात तर डोकं बघू का?" दाखला त्यांनी दिला नाही. मी परत कारकुनाकडे गेलो. त्याने इकडेतिकडे पाहिलं, खिडकीतून पुढे झुकला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "तुम्ही असं करा, मैदानाबाहेरच्या रस्त्याने धावा. तो आमच्या हद्दीत येत नाही." काम न करता माणसाला समाधानाने घरी पाठवायचं, हे मी वर्षानुवर्षं करत आलोय. तेच कुणीतरी माझ्यावर केलेलं पाहून मला गहिवरून आलं.

बाहेरच्या रस्त्याची डागडुजी व्हायची होती आणि त्यासाठी बारीक खडी पसरून ठेवलेली होती. याविषयी मी जास्त बोलत नाही. बोलायला लागलो की तोंडातून जे शब्द येतात ते मुलीसमोर काढण्यासारखे नसतात.

त्यातून शेजारी. आमच्या इमारतीत एकही माणूस असा निघाला नाही, ज्याला माझ्या तळव्यांबद्दल मत नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरचे लिफ्टकाका, जन्म लिफ्टच्या कंपनीत काढलेले, मला जिन्यात अडवून म्हणाले की धावताना वजन वर ठेवा. वजन वर कसं ठेवायचं हे त्यांनी हात वर करून दाखवलं. तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंनी पावलांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधायला सांगितलं, म्हणजे अनवाणीचं अनवाणी आणि गारठ्याचा गारठाही नाही. एका निवृत्त बँकवाल्यांनी रात्री कापराचं तेल चोळायला सांगितलं. त्यांच्या सौभाग्यवतींनी मला मागाहून गाठून तेल अजिबात लावू नका, यांचं ऐकून यांच्या भावाचं काय झालं ते मला विचारा, असं बजावलं. मी ते विचारलंही, पण त्यांनी सांगितलं नाही.

हे सगळं मी मान खाली घालून ऐकून घेत होतो. एरवी लिफ्टकाकांना त्यांच्या बद्धकोष्ठावर आणि शिंपीणबाईंना त्यांच्या शटरच्या कुलपावर दोन शब्द ऐकवल्याशिवाय मी कधी पुढे गेलो नसतो. सल्ला असा नुसता आत येत राहिला आणि बाहेर जायची सोय नसली, की माणसाला पोट फुगल्यासारखं होतं.

मग एका सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर पिशवी. पिशवीत बूट. जुने, पण पॉलिश केलेले. मला वाटलं कुणीतरी चुकून ठेवले. दुसऱ्या दिवशी दोन पिशव्या होत्या. त्यानंतर शाळेचे काळे बूट आले, पट्टा तुटलेले सँडल आले, आणि एक गमबूट आला. एकच. दुसऱ्या पायाची जबाबदारी देणाऱ्याने बहुधा दुसऱ्या कुणावर सोपवली होती.

"लोकांना वाटतंय तुमची नोकरी गेली," बायको म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला हवं? भर थंडीत घरचा कर्ता माणूस पायांत काही न घालता रस्त्याने पळतोय. लोक काय समजणार? शेजारीण काल मला म्हणाली, काही लागलं तर संकोच करू नका. आणि तिने माझं मिक्सरचं भांडं परत आणून दिलं. मागूनसुद्धा देत नव्हती." एवढ्यावर ती थांबली आणि विचार करून म्हणाली, "दोन चादरीपण आहेत तिच्याकडे आपल्या. अजून थोडे दिवस धावा."

हे लोण ऑफिसात पोचायला वेळ लागला नाही. आमच्याकडे कर्मचारी कल्याण समिती आहे. तिला कल्याण करायला बरेच दिवस कुणी मिळालेलं नव्हतं. तिने जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना जमवलं, मला पुढच्या खुर्चीवर बसवलं आणि माझ्या समोर नव्या बुटांचा खोका ठेवला. समितीचे सचिव बोलायला उभे राहिले. परिस्थिती माणसाच्या पायातलं काढून घेते, पण पायाखालचं काढून घेऊ शकत नाही, असं काहीतरी ते म्हणाले. मागच्या रांगेतल्या टायपिस्टबाई रडल्या. मी उठून खरं काय ते सांगणार होतो, पण रडणाऱ्या बाईला मध्येच थांबवून 'अहो, ही बायकोबरोबरची पैज आहे' असं सांगण्याचं धाडस माझ्यात नाही. साहेबांनी आग्रह केला म्हणून बूट तिथल्या तिथे घालावे लागले. ते एक नंबर लहान होते. संध्याकाळपर्यंत माझ्या दोन्ही टाचांना फोड आले. खडीने जे केलं नव्हतं ते कल्याण समितीने करून दाखवलं.

इथपर्यंतचं सगळं मी हसत सांगू शकतो. यापुढचं सांगताना तितकं हसू येत नाही.

याच दिवसांत मुलीच्या ऑफिसने तिला विचारलं की दूरच्या गावात आपली नवी शाखा निघतेय, तिथे जाशील का. पगार वाढणार होता, हुद्दा वाढणार होता. कळवायचं होतं महिनाअखेरपर्यंत. तिने आईला विचारलं. मामाला विचारलं. लिफ्टकाकांना विचारलं. मला नाही विचारलं, कारण मला बोलायला बंदी होती आणि आमच्या घरात नियम फक्त माझ्या बाबतीत पाळले जातात. मी जेवताना पानात बघून जेवायचो आणि ती आईशी त्या गावातल्या भाड्याच्या खोल्यांविषयी बोलायची. एका सकाळी मी घोटा चोळत फाटकाशी बसलो होतो, तर वॉचमन म्हणाला, "ताईंनी मला विचारलं हो साहेब. मी म्हटलं, जा."

वॉचमनलासुद्धा विचारलं होतं. ते ऐकून मला वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं.

तिने जाऊ नये असं मला वाटत होतं. मुद्दे माझ्याकडे भरपूर होते. तिथलं हवामान, अनोळखी माणसं, नवी शाखा टिकेल की नाही, खानावळीचं जेवण. रात्री पडल्या पडल्या मी ते क्रमाने लावायचो. खरा मुद्दा मात्र एकच होता आणि तो यादीत नव्हता. ती गेली की घर फार मोठं होणार होतं. आता मला पैज जिंकायची होती ती मेहुण्यासाठी नव्हे आणि तत्त्वासाठी तर मुळीच नव्हे. शेवटच्या दिवशी तिचं उत्तर जायच्या आत मला माझं तोंड परत हवं होतं.

त्यामुळे फोडांवर पट्ट्या लावून मी धावलो. अंगात कणकण असताना धावलो. एकदा तर एका कुत्र्याला माझी इतकी दया आली की ते भुंकायचं सोडून माझ्या बाजूने चालत राहिलं. मी धावत होतो आणि ते चालत होतं, आणि आम्ही बरोबरच होतो.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला तो उजाडलाच नाही. एवढं धुकं होतं की जिन्याचा कठडा सोडला तर फाटक सापडेना. गवतावरचं दव गोठून पांढरं झालं होतं. मी पहिलं पाऊल टाकलं आणि समोरच्या गॅलरीतून मेहुण्याचा आवाज आला.

"भाऊजी! काही दिसत नाहीये!"

"मग मी काय करू?"

"आवाज देत धावा! नाहीतर मी ताईला काय सांगू?"

माझ्या या मेहुण्याने लग्नात माझे बूट लपवले होते तेव्हाच मी त्याला ओळखायला हवं होतं. पण वाद घालायला वेळ नव्हता. मी पळायला लागलो आणि ओरडायला लागलो. "धावतोय!" चार पावलं. "धावतोय!" प्रत्येक वेळी तोंड उघडलं की सगळी थंडी घशातून सरळ पोटात उतरत होती. खिडक्या उघडू लागल्या. कुणीतरी विचारलं, "कोण ओरडतंय?" कुणीतरी उत्तर दिलं, "ते मीटरवाले. नोकरी गेली ना त्यांची." शिंपीणबाई म्हणाल्या, "अहो, कळलं आम्हाला, आता घरी जा."

दुसऱ्या फेरीत माझे पाय नाहीसे झाले. म्हणजे ते होते, चालूही होते, पण मला त्यांची काही खबर मिळत नव्हती. खडी कुठं संपली आणि डांबर कुठं सुरू झालं हे कानाने ऐकून ओळखावं लागत होतं. आणि मध्येच आवाज फाटला. "धाव" एवढंच निघालं, "तोय" घशातच राहिलं.

"भाऊजी! थांबलात का?"

मी थांबलो नव्हतो. पण ते सांगायला आवाज नव्हता. गेल्या महिन्याभराची खडी, फोड आणि उंबऱ्यावरचे बूट एका शब्दापायी फुकट जाणार, असं मला दिसायला लागलं. मी उरलासुरला सगळा जीव घशात आणला आणि ओरडलो. कसला आवाज निघाला ते मला सांगता येणार नाही. वॉचमनने मागाहून सांगितलं की त्याला वाटलं रस्त्यावर कुणी टेम्पो उलटवला. पण मेहुण्याने तो ऐकला, आणि मी फाटकाला हात लावला.

घरी बायकोने कोमट पाण्याची बादली तयारच ठेवली होती. माझे पाय पाण्यात धरून बसली आणि मधूनमधून पाणी बदलत राहिली. मेहुणा आला, त्याने मला कडकडून मिठी मारली आणि जाहीर केलं की भाऊजी जिंकले. मग बायकोने मुलीला हाक मारली. "ये गं. जिंकले तुझे बाबा. काय विचारायचं ते विचार आता त्यांना."

मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी तोंड उघडलं. मुद्दे सगळे क्रमाने तयार होते. तोंडातून हवा आली.

डॉक्टर दुपारी आले. घशात बॅटरी टाकून त्यांनी बराच वेळ पाहिलं, आणि मला वाटतं, आनंदाने पाहिलं. "पूर्ण मौन," ते म्हणाले. "आठवडाभर. कुजबुजायचंसुद्धा नाही, नाहीतर आवाज कायमचा जाईल." बायकोने त्यांना दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि माझ्या उशाशी एक वही आणि पेन्सिल आणून ठेवली.

संध्याकाळी मुलगी स्टूल ओढून पलंगाशी बसली. आज रात्रीच्या आत तिला कळवायचं होतं. मी पेन्सिल उचलली आणि 'जाऊ' एवढं लिहिलं. 'नकोस' लिहायला पेन्सिल टेकवणार, तोच ती बोलायला लागली.

मला मध्ये बोलता येत नव्हतं, म्हणून ती बोलत राहिली. एरवी आमचं बोलणं तिच्या दुसऱ्या वाक्याला संपतं, कारण तिथून पुढे मी सुरू होतो. त्या संध्याकाळी ती कितीतरी वेळ बोलली. म्हणाली, तिला भीती वाटतेय. नव्या गावाची नाही, तिथं काम जमलं नाही तर काय याची. म्हणाली, लिफ्टकाका, मामा, वॉचमन, सगळे जा म्हणतात, पण त्यांचं काय जातंय जा म्हणायला. म्हणाली, मला जायचंय बाबा, पण तुम्ही काय म्हणाल म्हणून अडलंय. बोलताना तिचे डोळे चमकत होते. ती जाणार होती. हे मला कळलं आणि तिलाही बोलता बोलताच कळत गेलं. माझे मुद्दे सगळे बरोबर होते, अजूनही आहेत, पण त्यातला एकही तिच्या उपयोगाचा नव्हता.

"सांगा ना बाबा," शेवटी ती म्हणाली. "तुम्हालाच विचारतेय."

मी 'जाऊ' वर रेघ मारली. मग लिहिलं, 'तिकडे थंडी जास्त आहे. बूट चांगले घे.'

तिने ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग ती इतकी हसली की बायको स्वयंपाकघरातून धावत आली, आणि मग त्या दोघी मिळून हसायला लागल्या. हसता हसता मुलीने माझ्या पट्ट्या बांधलेल्या पायांवर डोकं टेकवलं आणि तिथंच थोडं रडली. मीही रडलो, मात्र आवाज न करता, कारण डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं.

मग डोळे पुसून ती उठून बसली. "बरं," ती म्हणाली, "कुठले घेऊ?"

मी वहीचं नवं पान काढलं आणि लिहायला घेतलं.